अस्वल, आम्ही आणि विजेचे वेळापत्रक

द्वितीय वर्षाच्या आम्हा सर्व विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा आहे. त्यात ‘मानव आणि वन्यजीव यांचे सहजीवन’ असा शब्दप्रयोग येतो. शब्द मोठा गोड आहे. परीक्षेत त्यावर टीप लिहा म्हटले तर चार गुण सहज मिळून जातात. पण ज्यांची गावे जंगलाच्या काठावर आहेत, अशा मुलामुलींनी हा शब्द वाचला की मनात एक प्रश्न उभा राहतो. तो उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नसते, म्हणून मी तो या वार्षिकांकात विचारते आहे. सहजीवन म्हणजे एकत्र जगणे, हे मान्य. पण या एकत्र जगण्याचा खर्च कोण भरतो?

माझे गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला, घाटाखाली आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधल्या डोंगरांत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. घोषणा व्हायच्या आधीही ते जंगल होते आणि त्यात अस्वले होती. आमची आजी सांगते की तिच्या लग्नाच्या वरातीच्या बैलगाड्याही याच अस्वलांच्या भीतीने दिवस मावळायच्या आत घाट उतरल्या होत्या. म्हणजे अस्वल आम्हाला नवे नाही. नवे आहे ते त्याचे वस्तीपर्यंत येणे. गेल्या काही वर्षांत ते गावकुसाच्या बोरीखाली दिसते, शाळेमागच्या नाल्यात दिसते, एकदा तर मारुतीच्या पाराजवळ उजाडेपर्यंत बसून होते.

२०१९ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो मैलांची पायपीट करून आमच्या ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्याची वाटचाल उपग्रहावरून मोजली जात होती. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. मोठमोठे कॅमेरे गळ्यात अडकवून माणसे आली. आमच्या गावाचे नाव तोपर्यंत ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनी आम्हाला विचारले, “तुम्ही किती भाग्यवान आहात, ठाऊक आहे का?” वाघ यथावकाश दिसेनासा झाला आणि पाहुणेही गेले. अस्वले मात्र तिथेच होती, वाघ येण्यापूर्वीही आणि तो गेल्यावरही. त्यांच्याविषयी आम्हाला कुणी काही विचारले नाही. जंगलातही दर्जा असतो, हे मला तेव्हा समजले. वाघ हा राजा, बिबट्या हा सरदार आणि अस्वल म्हणजे एक विनोद!

आपल्या भाषेतही अस्वलाची हीच गत आहे. अंगावर केस असलेल्या मुलाला वर्गात अस्वल म्हणतात. दरवेशी अस्वल घेऊन दारी यायचा, डमरू वाजवायचा, ते बिचारे दोन पायांवर नाचायचे. पोरांना दृष्ट लागू नये म्हणून बायका पैसे देऊन त्याचा केस घ्यायच्या आणि ताईतात घालायच्या. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे गुन्हा ठरवले, तरी नाकात वेसण घातलेली अस्वले रस्त्यावरून हद्दपार व्हायला पुढे तीस-पस्तीस वर्षे लागली. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते, ही समजूत तर अजूनही गावोगाव आहे. ज्याने अस्वलाने फाडलेला चेहरा एकदा पाहिला आहे, त्याला गुदगुल्या हा शब्द ऐकवत नाही.

म्हणून आधी अस्वल कसे आहे ते पाहू. आपल्याकडचे अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे खाऊन जगते. त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात मुळातच नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते आणि त्या ओढण्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. वारुळ फोडण्यासाठी त्याला बोटाएवढ्या लांब, वाकड्या नख्या आहेत. बोर, जांभूळ, उंबर, टेंभुर्णी, सीताफळ, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाची फुले हे त्याचे आवडते अन्न. नाक फार तीक्ष्ण, पण नजर अधू. खाण्यात गुंतलेले असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि कळले की ते बिथरते. मादी हिवाळ्यात बहुधा दोन पिल्ले देते आणि ती चालती झाली की पाठीवर बसवून हिंडवते. अभ्यासक असे सांगतात की वाघाच्या शेजारी हजारो वर्षे राहावे लागल्यामुळे, पळून न जाता आधी अंगावर धावून जायचे, ही या प्राण्याची रीतच झाली आहे. थोडक्यात, अस्वल माणसाची शिकार करायला येत नाही. त्याच्या आणि माणसाच्या वाटा अंधारात अचानक एकमेकींवर येतात आणि मग जे घडायचे ते घडते.

या वाटा एकमेकींवर का येतात, हाच खरा प्रश्न आहे. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला बाया पहाटे जातात आणि अस्वलही त्याच वेळी, त्याच झाडाखाली येते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे उजाडण्यापूर्वी निघतात. आमच्याकडे सीताफळाचा आणि बोरांचा हंगाम असतो. त्यानंतर उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे आटतात आणि शेतातल्या विहिरीजवळच्या हौदात पाणी असते. याशिवाय आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याही जंगलात उगवत नाही. ते कारण म्हणजे शेतीच्या विजेचे वेळापत्रक.

शहरातल्या वाचकांना हे सांगितले पाहिजे. घरात दिवा चोवीस तास लागू शकतो, पण विहिरीवरची मोटार चालवणारी वीज शेताला पाळीपाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रब्बीचा हंगाम म्हणजे कडाक्याच्या थंडीचा. हरभरा, गहू यांना ओलीत करायचे तर ज्या रात्री वीज येईल त्या रात्री माणसाने उठून शेतात गेलेच पाहिजे. रात्री अकराला वीज आली तर अकराला, दोनला आली तर दोनला. हातात एक बॅटरी, खांद्यावर फावडे, पायांत फाटकी चप्पल. आणि अस्वलाची हिंडण्याची वेळ हीच!

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, असेच ओलीत करायला गेले होते. शेताच्या धुऱ्याला लागून नाला आहे, नाल्याच्या वळणावर बोरी आहेत. पाण्याचा दांड फुटला होता, तो बांधायला ते वाकून वाकून पुढे गेले. वळणावर मादी होती आणि पिल्लू नाल्याच्या अलीकडे, म्हणजे मोठेबाबांच्या मागे होते. शेजारच्या शेतातली माणसे आरडाओरड करत धावत येईपर्यंत दोन-तीन मिनिटेच गेली असतील. तेवढ्यात त्यांचा डावा डोळा गेला, गाल फाटला आणि डोक्यावरची कातडी सुटली. जीव वाचला. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून आणखी मोठ्या शहरात, असे त्यांना हलवावे लागले. घरातली एक बैलजोडी होती, ती त्या पंधरवड्यात विकली गेली.

वर्तमानपत्रात बातमी आली ती चार ओळींची होती : ‘अस्वलाच्या हल्ल्यात शेतकरी जखमी.’ जखमी या शब्दाचा अर्थ मी त्या वर्षी शिकले. मोठेबाबा आता लग्नाला जात नाहीत. गेले तर मांडवाच्या कडेला, शेला डोक्यावरून ओढून बसतात. लहान पोरे घाबरतात म्हणून घरातल्या नव्या नातवाला त्यांनी सहा महिने मांडीवर घेतले नाही. त्यांना घास नीट चावता येत नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

आकड्यांकडे पाहिले तर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत त्या वेळच्या मध्य प्रदेशात अस्वलांच्या हल्ल्यांची नोंद अभ्यासकांनी केली होती. सातशेहून अधिक माणसांवर हल्ले झाले होते आणि त्यांतली ४८ माणसे दगावली. याचा अर्थ असा की दर पंधरा माणसांत एक मरतो आणि चौदा जण फाटलेल्या चेहऱ्याने, फुटक्या डोळ्याने, लुळ्या हाताने जगत राहतात. वाघाच्या हल्ल्यात माणूस मरतो आणि त्याची गणती होते. अस्वलाच्या हल्ल्यात माणूस उरतो, म्हणून तो मोजला जात नाही. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय २०२३ साली झाला, हे चांगलेच झाले. परंतु जखमी माणसाला मिळणारी रक्कम याच्या मानाने फारच कमी आहे. मोठेबाबांची रक्कम मिळाली ती सव्वा वर्षाने, आणि तीही अर्जाला अर्ज, दाखल्याला दाखला जोडून. तोपर्यंत सावकार थांबला नव्हता. मेलेल्या माणसाचा खर्च एकदाच होतो, वाचलेल्याचा जन्मभर चालतो. हे साधे गणित नियम करणाऱ्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवे.

आता या घटनेचा दुसरा परिणाम सांगते. तो आजवर कुठल्याही पंचनाम्यात लिहिला गेलेला नाही. आमच्या गावात बस येत नाही, फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. हिवाळ्यात शेवटच्या बसने उतरलो की अंधारून आलेले असते. त्या वेळी आम्ही पाच मुली रोज बसने शिकायला जात होतो. मोठेबाबांवर हल्ला झाला त्या आठवड्यात तिघींचे शिक्षण बंद झाले. त्यांच्या वडिलांचे मी काय चुकले म्हणू? पोरगी शिकली पाहिजे हे त्यांना पटले होते, पण पोरगी घरी परत आली पाहिजे हे त्याआधीचे होते. त्यांतल्या दोघींची पुढच्या उन्हाळ्यात लग्ने झाली. माझे शिक्षण चालू राहिले, कारण माझे वडील वर्षभर रोज संध्याकाळी काठी आणि बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहिले. त्यांची तेवढ्या वेळाची मजुरी बुडाली. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. माझ्या गुणपत्रिकेवर माझे नाव असते, पण त्या तीन किलोमीटरांचे गुण कुणाला द्यायचे ते मला ठाऊक आहे.

एवढे सोसल्यावर गावाला राग येणार नाही तर काय होईल? पारावर बैठक भरली. “जाळून टाका नाल्यातले झुडपं,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “कुंपणाले करंट सोडा, एका राती फैसला!” तरुण मुलांना हे फार पटले. मला ते पटले नाही, आणि त्याची कारणे मी इथे मांडते. पहिले कारण व्यवहाराचे. कुंपणात थेट वीज सोडली की अस्वल मरेल की नाही सांगता येत नाही, पण माणूस आणि बैल हमखास मरतात. रात्री दांड बांधायला जाणारा शेजारी त्याच तारेला चिकटतो. असे किती शेतकरी गेले ते प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. दुसरे कारण कायद्याचे. अस्वल हे १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे म्हणजे तुरुंगाची वाट. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने, प्राणी मारला गेला तर तो गुन्हा होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. आमच्या गावात पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, दुसरी कुणालाच माहीत नव्हती. तिसरे कारण असे की एक मादी मारली तर बोरी आणि पाणी तिथेच राहते, अंधार तिथेच राहतो. उद्या दुसरी येईल.

चौथे कारण मात्र मोठेबाबांनीच सांगितले. बैठकीत ते एका कडेला बसले होते. सगळ्यांचे बोलून झाल्यावर म्हणाले, “तिचं पिल्लू होतं. मी मधात गेलो. दिवसा लाईन असती त मी राती कायले गेलो असतो?” यावर कुणी काही बोलले नाही. ज्याचा डोळा गेला तो माणूस अस्वलावर न रागावता वेळापत्रकावर रागावतो, ही गोष्ट मला आमच्या पुस्तकातल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा मोठी वाटते.

गणेश चतुर्थीला घरोघर स्यमंतक मण्याची कथा सांगतात. मणी नाहीसा झाला आणि सगळ्या द्वारकेने चोरीचा आळ कृष्णावर घेतला. कृष्णाने मात्र रानात जाऊन पावलांचा माग काढला. माग सिंहापर्यंत गेला, तिथून जांबवंत अस्वलाच्या गुहेपर्यंत. गुहेत मणी पोरांचे खेळणे होऊन पडला होता. म्हणजे मूळ शिकार अस्वलाने केलीच नव्हती! आळ घेणे सोपे असते, माग काढत जाणे अवघड असते, एवढाच बोध मी या कथेतून घेते. आमच्या गावच्या हल्ल्याचा माग काढत गेले तर तो नाल्यातल्या बोरीपाशी थांबत नाही, विजेच्या खांबापर्यंत जातो.

गावाच्या रागाला मी उत्तर दिले, तसे शहराच्या प्रेमालाही दिले पाहिजे. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने मला विचारले, “जंगल त्यांचे आहे ना गं? मग तुम्हीच का नाही दुसरीकडे राहायला जात?” ती मनाने चांगली आहे, तिने वाईट हेतूने विचारले नाही. पण तिच्या घराखालीही कधीतरी शेत होते, त्याआधी रान होते आणि त्या रानातही कुणी प्राणी हिंडत असेल. तिचे प्राणी आधीच संपले म्हणून तिला जागा सोडावी लागत नाही. आमचे उरले आहेत म्हणून आम्ही जावे, हा कुठला न्याय? शहरातल्या माणसाला अस्वल मोबाइलच्या पडद्यावर भेटते. पाठीवर पिल्ले घेऊन रस्ता ओलांडणारी मादी पाहून लोकांना मौज वाटते. २०१८ साली ओडिशात एका वाहनचालकाने जखमी अस्वलाजवळ जाऊन स्वतःसह त्याचे छायाचित्र काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्याचा जीव गेला. ज्याला अस्वल खेळणे वाटते आणि ज्याला ते राक्षस वाटते, त्या दोघांनीही अस्वल पाहिलेलेच नसते.

अस्वले वस्तीत येण्याची गोष्ट केवळ आमच्याच जिल्ह्यातली नाही. राजस्थानातल्या माउंट अबूला अस्वले रात्री बाजारातून हिंडतात, कारण हॉटेलांच्या मागे उष्टे टाकलेले असते. निलगिरीत कोटगिरी-कुन्नूरकडे ती चहामळ्यांतल्या वस्त्यांत शिरतात, खाद्याच्या वासाने दुकानाचे दार फोडतात, देवळातले दिव्याचे तेल पितात. परदेशातही हेच. जपानमध्ये २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात २१९ माणसांवर अस्वलांचे हल्ले झाले आणि त्यांत सहा जण मृत्युमुखी पडले. २०२५ साल त्याहून भीषण ठरले. मृतांचा आकडा डझनाच्या पुढे गेला आणि नोव्हेंबरात अकिता प्रांतात पिंजरे वाहून न्यायला सैन्याची मदत घ्यावी लागली. तिथली अस्वले वेगळ्या जातीची आहेत आणि तिथले कारणही आमच्या उलट आहे. तिथे तरुण माणसे शहरात गेली, खेडी ओस पडली, म्हाताऱ्यांच्या परसातली फळे तोडायला कुणी उरले नाही आणि त्या फळांच्या वासाने अस्वले खाली उतरली. ते फळ आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले आहे! गाव भरले तरी अस्वल येते आणि गाव रिकामे झाले तरी येते. यावरून मला एवढेच दिसते की ते माणसाच्या मागावर नसून अन्नाच्या मागावर असते. अन्न आणि अंधार जिथे एकत्र येतात तिथे ते येणार. आपल्याला अस्वलाचा स्वभाव बदलता येणार नाही, या दोन गोष्टींचे मात्र काही करता येईल.

म्हणून माझे मत मी स्पष्टच लिहिते. जंगलालगतच्या शिवारांना ओलितासाठी दिवसाच वीज मिळाली पाहिजे, आणि सगळ्यांच्या आधी मिळाली पाहिजे. शेतीला सौर विजेवर दिवसा पुरवठा करण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये ती नव्याने वाढवण्यात आली. काही ठिकाणी तिचा लाभ होऊ लागला आहे. मग तिचा क्रम ठरवताना अभयारण्याच्या काठावरची गावे पहिली का नसावीत? दुसरी गोष्ट संडासांची. आमच्या गल्लीत संडास बांधले गेले, पण नळाला पाणी चार दिवसांनी येते, त्यामुळे बाया अजूनही पहाटे अंधारात नाल्याकडेच जातात. अस्वलाची आणि त्यांची गाठ पडली तर दोष कुणाचा? तिसरी गोष्ट, फाट्यापासून गावापर्यंत दिवे, किंवा निदान कॉलेज सुटण्याच्या वेळेची बस गावापर्यंत. चौथी, जखमी माणसाच्या उपचाराचा संपूर्ण खर्च, तो ज्या दिवशी दवाखान्यात जाईल त्या दिवसापासून. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया एकदा करून भागत नाहीत, दोन-तीन वेळा कराव्या लागतात, हेही त्यात धरले पाहिजे.

आम्हा गावकऱ्यांनी करायच्या गोष्टीही आहेत, त्या मी झाकून ठेवणार नाही. घरालगतची झुडपे साफ ठेवणे, उष्टे आणि मेलेली जनावरे गावाजवळ न टाकणे, रानात एकट्याने न जाणे, जाताना बोलत, खाकरत, काठी आपटत जाणे, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागते आणि ते वाट सोडते. अस्वल दिसले तर पळू नये, दगड मारू नये, सावकाश मागे सरावे. अंगावरच आले तर पालथे पडून दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि तोंड मातीकडे करावे. जाणकार सांगतात की अशाने निदान चेहरा आणि मान वाचते. हे मला मोठेबाबांच्या अपघातानंतर समजले. आमच्या शाळेतल्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हते. ताजमहालाची लांबी-रुंदी आम्हाला पाठ आहे, अस्वलासमोर कसे पडावे हे माहीत नाही!

शेवटी थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी दत्तक गावात होते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, रात्री पथनाट्य करतो. ते वाईट नाही. पण आम्ही परतल्यावर महिन्याभरात रस्ता पुन्हा तसाच होतो. यंदाचे शिबिर अभयारण्याच्या काठावरच्या गावांत घ्यावे आणि तिथे घरोघर जाऊन एक नोंदवही तयार करावी, अशी माझी प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना विनंती आहे. गेल्या दहा वर्षांत कुणावर हल्ला झाला, किती वाजता, तो माणूस त्या वेळी तिथे कशासाठी गेला होता, उपचाराला किती खर्च आला, मदत कधी मिळाली, कुठल्या मुलीची शाळा सुटली. एवढे सहा प्रश्न पुरेत. अर्थशास्त्राच्या मुलांनी खर्च मांडावा, भूगोलाच्या मुलांनी नकाशा काढावा, मराठीच्या आम्ही त्या माणसांचे बोलणे जसेच्या तसे लिहून घेऊ. आमच्या भागातल्या किती मुलामुलींना त्या घरांची दारे माहीत आहेत! पुढच्या वर्षी ती नोंदवही घेऊन वीज देणाऱ्यांकडे, वनखात्याकडे आणि आरोग्य खात्याकडे जाता येईल. तोंडी तक्रारीला उत्तर मिळत नाही, पण आकडे घेऊन आलेल्या दोनशे विद्यार्थ्यांना पाणी तरी विचारतात.

पहिल्या पानावर कुणाचे नाव येईल ते मी मोठेबाबांना विचारून ठेवले आहे. त्यांनी होकार दिला आहे. एक अट घातली आहे, की ‘हल्ल्याचे कारण’ या रकान्यात नुसते ‘अस्वल’ लिहायचे नाही.

— द्वितीय वर्ष, कला